वासना आणि आवृत्ती : रोदँ, म्हात्रे आणि मूळ आकृतीचा प्रश्न

लीळाचरित्राची पोथी प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला 'वासना' हा शब्द हमखास चकवतो. एखादी लीळा सांगून होते, आणि तेवढ्यात 'वासना' असे लिहून पोथीकार तीच घटना, तेच बोलणे थोड्या निराळ्या तपशिलाने पुन्हा नोंदवतो. येथे वासना म्हणजे इच्छा नव्हे. स्मरणात उरलेला दुसरा पाठ, असा तिचा अर्थ. म्हाइंभटांनी रिद्धपुरास सिद्ध केलेली मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत हरवली आणि पुढे अनेकांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे मराठीतील आद्य गद्यग्रंथ आपल्यापर्यंत येतो तोच मुळी मूळ प्रतीवाचून. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये लीळाचरित्राची आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न होता; आधुनिक संपादकाला निवड टाळता येत नाही. जुन्या पोथीकारापुढे मात्र तो प्रश्न त्या स्वरूपात नव्हताच. त्याने दोन पाठ शेजारी शेजारी मांडले आणि दोहोंना ग्रंथात जागा दिली.

प्रस्तुत लेखाचा विषय शिल्पकलेचा आहे, मग आरंभ पोथीने का, असे कोणी विचारील. याचे कारण असे की, ओग्युस्त रोदँ (१८४०–१९१७) या फ्रेंच शिल्पकाराच्या आकृती-अभ्यासांविषयी आणि त्यांच्या पुढील आवृत्त्यांविषयी जे वाद झाले, त्यांत मूळ आणि प्रत या दोन शब्दांवाचून तिसरा शब्द पाश्चात्त्य समीक्षेला सहसा सापडत नाही. आपल्याजवळ तो आहे, आणि आपण तो पोथ्यांपुरता ठेवून दिला आहे. दुसरे कारण स्थानिक आहे. यवतमाळसारख्या ठिकाणी राहून शिल्पाविषयी लिहिणारा माणूस प्रतींवरच जगत असतो. रोदँचे काम येथे पाहायला मिळणार नाही हे उघड आहे. पण मुंबईच्या गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी'देखील आमच्या पिढीने पाहिली ती प्रथम एका जुन्या पुस्तकातील पुसट, करड्या चित्रात. पदव्युत्तर वर्गात ती दाखवायची झाली तर त्या चित्राचीही छायाप्रत. तेव्हा मूळ कृतीच्या सान्निध्याला सौंदर्यानुभवाची अट मानणारा सिद्धान्त आमच्या बाबतीत प्रारंभीच आम्हाला बाहेर ठेवतो.

रोदँपासून आरंभ करू. १८६३-६४ च्या सुमारास त्याने बिबी नावाच्या एका मोलमजुरी करणाऱ्या वृद्धाचे मस्तक घडवले. स्टुडिओत शेगडी नव्हती. हिवाळ्याच्या गारठ्यात मातीचा मागचा भाग तडकून पडला आणि उरला तो केवळ मुखवटा. रोदँने तो तसाच ठेवला. 'नाक मोडलेला माणूस' या नावाने ओळखली जाणारी ही कृती १८६५ मध्ये पॅरिसच्या 'सालाँ'ने नाकारली. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, डोक्याचा मागचा भाग पुरा केलेली, नीटनेटकी संगमरवरी आवृत्ती त्याच सालाँने स्वीकारली. अपघाताने जन्मलेली आकृती नाकारली जाते आणि तिची सुधारलेली आवृत्ती मान्य होते, हा प्रसंग चरित्रकार सहसा संघर्षकथा म्हणून सांगतात. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. रोदँने संगमरवरी आवृत्तीमुळे मुखवटा रद्द केला नाही. पुढे त्याच्या नावाशी जोडला गेला तो मुखवटाच. दोन्ही पाठ राहिले.

'कांस्ययुग' या पुरुषाकृतीची हकिकत अधिक परिचित आहे, तरीही तिच्यातील क्रम पाहण्याजोगा आहे. ऑग्युस्त नेट हा बेल्जियन सैनिक नमुना म्हणून उभा राहिला. १८७५-७६ मध्ये ब्रुसेल्समध्ये काम झाले. १८७७ मध्ये ब्रुसेल्सला ते 'पराभूत' या नावाने मांडले गेले. आकृतीच्या डाव्या हातात आरंभी भाला होता. रोदँने तो काढून टाकला. भाला गेल्यावर हाताची मूठ कशासाठी वळली आहे हे सांगता येईना आणि शीर्षकही निसटले. पॅरिसला जाईपर्यंत पराभूत सैनिक 'कांस्ययुग' झाला होता. आकृती तीच राहून तिचा अर्थ बदलला, आणि तो बदलला एक वस्तू वजा केल्याने. मग आरोप आला : हे घडवलेले नाही, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढून ओतले आहे. रोदँला नेटची छायाचित्रे सादर करावी लागली. शेवटी १८८० मध्ये फ्रेंच शासनाने कांस्यप्रत विकत घेतली. आरोपाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. ही कृती दुसऱ्या कलाकृतीची नक्कल आहे असे कोणी म्हटले नाही. ती देहाची नक्कल आहे, असे म्हटले. युरोपीय शिल्पकारावर होऊ शकणारा हा सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप होता, कारण त्यात हाताचे कौशल्यच नाकारले जात होते. पुढे म्हात्र्यांच्या पिढीवर जो आक्षेप आला तो याच्या नेमका उलट होता. त्याकडे आपण येऊच.

या आरोपानंतर रोदँच्या कामाची पद्धत जी झाली ती आरोपाला दिलेले उत्तर होते असे म्हणण्याचा मोह होतो. कार्यकारणसंबंध इतका सरळ नसावा. पण एवढे खरे की त्यानंतर त्याने देहाशी तंतोतंत जुळणाऱ्या आकृतीवर थांबणे सोडले. 'धर्मोपदेश करणारा संत योहान' या मनुष्याकृतीहून मोठ्या शिल्पासाठी केलेल्या अभ्यासांतून धड आणि पाय वेगळे होऊन 'चालणारा माणूस' निर्माण झाला. मस्तक नाही, बाहू नाहीत. १९०० मध्ये पॅरिसच्या स्वतंत्र प्रदर्शनात तो मांडला गेला आणि पुढे १९०७ पर्यंत मोठ्या आकारात वाढवला गेला. अभ्यासाकृती प्रथम आणि पूर्ण कृती नंतर, हा कलाशाळेने शिकवलेला क्रम येथे उलटा होतो : पूर्ण कृती आधी, आणि अभ्यास नंतर. कवीने संग्रह छापून झाल्यावर वहीतला कच्चा खर्डा वीस वर्षांनी स्वतंत्र कविता म्हणून प्रसिद्ध करावा, तसे हे आहे. आणि तो खर्डा संग्रहातल्या कवितेपेक्षा थोर ठरावा!

'नरकद्वारा'विषयी विस्ताराने लिहिण्याची येथे गरज नाही. १८८० मध्ये मागणी आली ती एका सजावटकलांच्या संग्रहालयाच्या दरवाजासाठी. ते संग्रहालय त्या जागी झालेच नाही. दरवाजा रोदँच्या मृत्यूपर्यंत प्लास्टरमध्येच राहिला आणि त्याच्या कांस्यप्रती मृत्यूनंतर ओतल्या गेल्या. या दरवाजाने बिऱ्हाडासारखे काम केले. 'विचारवंत' तेथे सुमारे सत्तर सेंटिमीटर उंचीचा होता; तेथून निघून तो १९०४ मध्ये मनुष्याकृतीहून मोठा झाला आणि १९०६ मध्ये पॅरिसच्या पाँतेओंपुढे जाऊन बसला. दाराच्या माथ्यावरील 'तीन छाया' म्हणजे एकच आकृती तीन वेळा, फक्त वळवून ठेवलेली. मदँच्या स्टुडिओत हात, पाय, गुडघे, मस्तके यांच्या प्लास्टर-प्रतींनी खण भरलेले असत. रोदँ त्यांतून एखादा हात उचलून दुसऱ्याच धडाला लावून पाही. रिल्के काही काळ त्याचा सचिव होता आणि त्याआधी, १९०३ मध्ये, त्याने रोदँवर पुस्तक लिहिले होते. त्यात देहापासून सुट्या झालेल्या हातांविषयी तो जे लिहितो ते कवीचे लेखन असले तरी, सुटा अवयव अपुरा नसतो ही समज त्याला या खणांनीच दिली असली पाहिजे.

रोदँने १९१६ मध्ये आपले सर्व काम आणि त्याच्या प्रती काढण्याचा अधिकार फ्रेंच राष्ट्राला दिला. त्यामुळे त्याच्या मृत्यूनंतरही 'अस्सल' रोदँ निर्माण होत राहिले. १९८१ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या प्रदर्शनात 'नरकद्वारा'ची नव्याने ओतलेली प्रत मांडली गेली, तेव्हा रोझलिंड क्राउस यांनी विचारले की जिचे मूळच कधी पूर्ण झाले नव्हते तिच्या या प्रतीला काय म्हणावे. रोदँ हा आरंभापासून बहुप्रतींचाच कलावंत आहे आणि मौलिकता ही आधुनिकतेने स्वतःविषयी रचलेली कथा आहे, अशी त्यांची भूमिका होती. अल्बर्ट एल्सन यांनी रोदँच्या हेतूचा आणि कायदेशीर अधिकाराचा दाखला देऊन तिला उत्तर दिले. फ्रेंच नियमांनी एका शिल्पाच्या बारा कांस्यप्रती मूळ म्हणून मान्य केल्या. बारावी मूळ आणि तेरावी प्रत! हा आकडा सौंदर्यशास्त्रातून आलेला नाही, बाजारातून आला आहे, हे सांगायला नको.

क्राउस यांचा युक्तिवाद गेल्या काही दशकांत आपल्या विद्यापीठांत चर्चासत्रांतून पोहोचला आहे आणि तो मराठी साहित्यव्यवहाराला जसाच्या तसा लावण्याची घाईही झालेली आहे. मूळ असे काही नसतेच, सर्व काही प्रतींचीच प्रत असते, हे विधान पॅरिसमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये मुक्त करणारे असेल. परंतु ज्या समाजाला दीडशे वर्षे 'तुमच्याजवळ मूळ असे काही नाही' हेच ऐकवले गेले, त्याच्या तोंडी तेच विधान घालताना काही विचार करावा लागतो. आपल्या समीक्षेत याविषयी निराळीच अडचण आहे. मर्ढेकरांनी कलाकृतीची सिद्धी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर उभारली. कलाकृती ही त्यांच्या मांडणीत स्वयंपूर्ण, एकसंध संघटना आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी अशा दोन्ही ध्रुवांची चिकित्सा केली. पण दोघांच्याही विवेचनात 'ती कृती' म्हणजे कोणती, हा प्रश्न बहुधा सुटलेलाच धरलेला आहे. शिल्पापुढे उभे राहिलो की तो सुटलेला नाही असे दिसते. 'चालणाऱ्या माणसा'चा समतोल मोजायचा तो कोणत्या आकाराच्या प्रतीत? आणि मराठी ग्रंथांपुढे उभे राहिले तरी तो सुटलेला नसतो : एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत छापली, या दोहोंपैकी कोणत्या कृतीच्या लयीविषयी आपण बोलत असतो? पुण्यातील भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. सुखटणकरांनी आखलेल्या पद्धतीत गाळलेले श्लोक फेकून दिले जात नाहीत, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले जातात. रोदँच्या खणांची आठवण व्हावी असे ते तळघर आहे.

आता म्हात्रे. गणपतराव काशिनाथ म्हात्रे (१८७६–१९४७) हे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी. १८९६ मध्ये, जेमतेम विशीत, त्यांनी 'मंदिरपथगामिनी' ही जवळजवळ मनुष्याकृती प्लास्टरमूर्ती घडवली : नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुण स्त्री. तोवर या शाळेतील शिल्पशिक्षण मुख्यतः इमारतींच्या सजावटीला उपयोगी पडणारे होते. लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी मुंबईच्या नव्या इमारतींसाठी पानेफुले, पक्षी, मस्तके कोरली, आणि ती उत्तम कोरली. एका विद्यार्थ्याने स्वतंत्र, पूर्ण स्त्रीमूर्ती उभी करणे याचा अर्थ त्या काळी कारागिराच्या रांगेतून उठून कलावंताच्या रांगेत बसणे असा होता. म्हणून ती गाजली.

तिच्या घडणीचा एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. कलाशाळेत नग्न नमुन्यावरून अभ्यास करण्याचे वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९-२० च्या सुमारास सुरू झाले. म्हात्रे शिकत होते तेव्हा विद्यार्थ्यांसमोर मानवी देह होता तो ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर-प्रतींच्या रूपाने. रोदँने बाल्झाकचे स्मारक घडवताना (१८९१–९८) आधी नग्न आकृती केल्या, एकामागून एक, आणि मग खरा झगा प्लास्टरमध्ये बुडवून त्या देहावर पांघरला. देह अगोदर, वस्त्र नंतर. म्हात्र्यांच्या बाबतीत पाहिलेले होते ते वस्त्र : घरोघरी दिसणारी नऊवारी, तिचा काष्टा, तिचे ओचे, चालताना पोटरीवर ताणली जाणारी घडी. त्या वस्त्राच्या आतला देह मात्र शाळेच्या दालनातील प्लास्टर-प्रतींवरून शिकलेला होता. म्हणजे 'मंदिरपथगामिनी' ही एकाच वेळी निरीक्षणही आहे आणि आवृत्तीही. बाहेरून निरीक्षण, आतून आवृत्ती. या जोडणीत कोठे सांधा दिसतो का, हा तिच्यापुढचा खरा कलाप्रश्न. माझ्या मते तो दिसत नाही, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी साडीला आहे. ग्रीक वस्त्रासारखीच साडी न शिवलेली, न बेतलेली; ती देहावरच आकार घेते. शिवलेल्या पोशाखात ही जोडणी उघडी पडली असती.

शीर्षकाकडेही पाहावे. इंग्रजीत ती 'टू द टेम्पल' म्हणून ओळखली गेली : केवळ दिशा, देवळाकडे. मराठीत 'मंदिरपथगामिनी' : संस्कृत काव्यातून आलेला भारदस्त समास, आणि त्याच्या शेवटी 'गामिनी' हे गतिवाचक पद. गजगामिनी, हंसगामिनी अशा शब्दांतून स्त्रीच्या चालीची जी काव्यपरंपरा आपल्या कानांत आहे ती या पदाने मूर्तीच्या अंगावर येते. मूर्ती तर उभी आहे. दृश्यात जो पायांचा संकेत पुरेसा नाही तो भाषेने पुरा केला. रोदँने पॉल ग्सेलशी झालेल्या, १९११ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संवादांत संत योहानाचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले का आहेत हे सांगितले आहे : छायाचित्र एक क्षण गोठवते म्हणून चालणारा माणूस त्यात लंगडल्यासारखा दिसतो, शिल्पकार अनेक क्षण एका देहात आणतो. रोदँला जे पावलांनी साधायचे होते ते मराठी शीर्षकाने समासाने साधले. शीर्षक हीदेखील एक वासनाच म्हणावी. इंग्रजी पाठातील मुलगी देवळाच्या दिशेला आहे, मराठी पाठातील स्त्री चालते आहे.

या मूर्तीचे पहिले महत्त्वाचे वाचक तिच्यापुढे उभे नव्हते. लंडनमध्ये जॉर्ज बर्डवुड यांनी तिचे जे मनःपूर्वक कौतुक केले ते छायाचित्ररूपाने तेथे पोहोचलेल्या मूर्तीचे. बंगालमध्ये रवींद्रनाथांनी तिच्यावर लेख लिहिला. बर्डवुड यांची साक्ष येथे विशेष गमतीची आहे. भारतात कलाकुसर आहे, ललितकला म्हणून चित्र-शिल्प नाही, असे मत १८८० च्या आपल्या ग्रंथात मांडणारे हेच बर्डवुड. १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये हॅवेल यांच्या व्याख्यानानंतर जावातील ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना त्यांनी चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली आणि त्यावर तेरा कलावंतांनी 'टाइम्स'मध्ये जाहीर निषेध नोंदवला. त्या गृहस्थांना म्हात्र्यांची मुलगी मात्र भावली. का, हे उघड आहे : तिच्यात त्यांना ग्रीस दिसला. पण नेमक्या याच कारणासाठी हॅवेल-कुमारस्वामी यांच्या पक्षाला कलाशाळेतून बाहेर पडलेले सर्वच वास्तवदर्शी काम परके वाटले. रोदँवर देहाची नक्कल केल्याचा आक्षेप होता; इकडे कलेची, परक्या कलेची नक्कल केल्याचा. पहिल्या आक्षेपाला छायाचित्रांच्या पुराव्याने उत्तर देता येते. दुसऱ्याला उत्तरच नाही, कारण त्यात आरोपीची जातकुळीच पुरावा म्हणून पुढे केली जाते.

आणि तिकडे, १९१३ मध्ये, रोदँ नटराजावर लिहीत होता. गोलुब्यू यांच्याकडून आलेली, मद्रासच्या संग्रहालयातील चोळ कांस्यमूर्तींची छायाचित्रे त्याच्यासमोर होती; तो लेख त्याच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात तो कधीच आला नाही. ओठ, पाय, पाठ असे सुटे भाग घेऊन तो मूर्ती वाचतो. खणातून अवयव काढावेत तसा. बर्डवुड म्हात्र्यांना छायाचित्रातून वाचतात, रोदँ चोळ शिल्पींना छायाचित्रातून वाचतो, आणि आम्ही यवतमाळात त्या दोघांना छापील चित्रांतून वाचतो. या साखळीत मूळ कोणाच्याच हाती नाही. तरीही वाचनांची प्रत एकसारखी नाही. रोदँचे वाचन बर्डवुड यांच्या वाचनापेक्षा कितीतरी श्रेष्ठ आहे. तेव्हा मुळाशी जवळीक हा वाचनाचा निकष नव्हे, एवढे तरी यातून मान्य व्हावे.

म्हात्र्यांच्या पुढील आयुष्याविषयी आपल्याकडे एक ठरावीक सूर आहे : विशीत एक थोर कृती, आणि नंतर मागणीनुसार केलेले पुतळे. अहमदाबादची व्हिक्टोरिया राणी, मुंबईतील न्यायमूर्ती रानडे, संस्थानिक, दाते, अधिकारी. हा सूर अगदी खोटा नाही. पण जी तुलना त्यात गृहीत असते ती तपासली पाहिजे. रोदँला आपले अभ्यास पुन्हा पुन्हा हाताळता आले याच्यामागे शासनाने दिलेली कार्यशाळा होती, आंरी लबोसेसारखा आकार वाढवून देणारा तज्ज्ञ होता, ओतशाळा होत्या, आणि एकाच आकृतीच्या निरनिराळ्या आकारांतल्या प्रती विकत घेणारा ग्राहकवर्ग होता. बिनमस्तकाचा माणूस विकत घेणारा ग्राहक मुंबईत १९०७ साली कोठून येणार? येथे पुतळ्याची मागणी करणाऱ्याला हवे असे ते मस्तकच. धड कोणाचेही चालले असते. चेहरा ओळखू आला पाहिजे, पागोटे बरोबर बसले पाहिजे, अंगरख्याची बाराबंदी होऊ नये. म्हात्र्यांनी स्वतःची आकृती पुन्हा घडवली नाही असे नव्हे. त्यांनी आयुष्यभर वस्त्रातील उभा देहच घडवला. फक्त त्यातील बदल ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, वर्गणीदारांच्या समितीकडे होता. रोदँच्या बाल्झाकला नाकारणारीही एक समितीच होती. साहित्यिकांच्या त्या संस्थेने १८९८ मध्ये नकार दिल्यावर रोदँ आपली मूर्ती परत घेऊन गेला आणि त्याने ती जपली. हे करण्यासाठी पैसा लागतो, मोठे घर लागते, आणि दुसरी मागणी येणारच याची खात्री लागते.

येथवरचे विवेचन कलाशाळेत शिकलेल्यांपुरते होते. पण आवृत्तीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तीव्र होतो तो त्यांच्यानंतर. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती शिर्डीत १९५४ च्या विजयादशमीला बसवली गेली. बाबा १९१८ मध्ये निवर्तले होते. तालमांसमोर देह नव्हता, छायाचित्र होते. आज गावोगावच्या मंदिरांत साईबाबांची जी बैठी मूर्ती दिसते ती बव्हंशी तालमांच्या मूर्तीची आवृत्ती असते. म्हणजे छायाचित्राच्या मूर्तीची मूर्ती. भक्ताला हा वंश ठाऊक नसतो आणि ठाऊक झाला तरी बिघडत नाही, कारण प्राणप्रतिष्ठा प्रत्येक मूर्तीची स्वतंत्र होते. मूर्तिविधानाच्या आपल्या परंपरेत मूळपण साच्याला नसून विधीला आहे. तेराव्या प्रतीचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यांचे उदाहरण याहून अवघड आहे, कारण तेथे विधीचाही आधार नाही. कोल्हापुरात बिंदू चौकात १९५० मध्ये त्यांच्या हयातीतच पुतळा उभा राहिला. संसदभवनाच्या आवारात १९६७ मध्ये ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा उभारला गेला. परंतु यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद या रस्त्याने किंवा पांढरकवडा-वणीकडे जाताना वस्त्यांच्या तोंडाशी जे पुतळे दिसतात ते या दोहोंपैकी कोणाची प्रत आहेत हे सांगू म्हटल्यास सांगता येत नाही. काही सिमेंटचे, काही धातूचे, काही रंगवलेले; निळा कोट, एका हाती ग्रंथ, दुसऱ्याचे बोट उगारलेले. कोठे हात आखूड, कोठे मस्तक धडाच्या मानाने मोठे, कोठे चष्म्याची काडी सिमेंटमध्ये जाड झालेली. कलाशाळेच्या दृष्टीने या चुका आहेत, आणि अशा पुतळ्यांच्या शरीरशास्त्रावर विनोद करणारे सुशिक्षित मी ऐकलेले आहेत. त्यांपैकीच काहींना रोदँच्या 'कॅले नगरवासीयां'चे अवाढव्य हात भावोत्कट वाटतात. हात मोठा झाला तर तो कोणत्या संकेतव्यवस्थेत चूक ठरतो आणि कोणत्या व्यवस्थेत आविष्कार, हे आधी पाहिले पाहिजे. वस्तीने वर्गणी जमवून उभारलेल्या पुतळ्यात ग्रंथ आणि बोट ही दोनच चिन्हे अचूक यावी लागतात. ती आली की बाकीचा देह ही त्या गावाची वासना असते, तिथल्या गवंड्याच्या किंवा मूर्तिकाराच्या स्मरणातला पाठ. मस्तकाचे प्रमाण बदलले म्हणून कोणी पुतळा नाकारत नाही. बोट खाली असते तर नाकारला असता.

या पाठांची नोंद कोणी ठेवलेली नाही. एखादे गाव ऐपत आली की सिमेंटचा जुना पुतळा काढून धातूचा बसवते, आणि जुना कोठे जातो हे लिहून ठेवण्याची रीत नाही. भांडारकर संस्थेच्या तळटीपांत एका श्लोकाचे सोळा पाठ सापडतील. दारव्हा मार्गावरील एका पुतळ्याचे दोन पाठ सापडणार नाहीत.

यवतमाळचा नवरात्रातील दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या अखेरीस मूर्तिकारांच्या मांडवांत गेले तर बांबू आणि तणसाच्या पंजरावर माती चढलेली धडे ओळीने उभी असतात, मस्तके निराळी वाळत असतात, आणि पाटावर बोटांसह सुटे हात मांडलेले असतात : मुद्रेचे, शस्त्र धरण्यासाठी वळलेले, आशीर्वादाचे. एकाच साच्यातून निघालेला चेहरा एका मंडळासाठी दुर्गा होतो, दुसऱ्यासाठी शारदा. धड कधी तेच, हात बदललेले. मदँच्या खणांविषयी वाचताना मला हा पाट आठवतो, आणि या पाटाशी उभा राहिलो की मदँ. फरक असा की येथले सर्व दसऱ्यानंतर पाण्यात जाते आणि उरतो तो साचा. एका मांडवात वारंवारच्या वापराने झिजलेला एक जुना साचा मी पाहिला; त्यातून निघणाऱ्या चेहऱ्याचे नाक दर वर्षी थोडे बोथट होत गेले होते. नवा साचा का करत नाही, असे विचारल्यावर मूर्तिकार म्हणाले की मंडळाला हाच चेहरा लागतो. नाक ते दर वर्षी हाताने काढतात.